रक्तातील होमोसिस्टीन : आकडा आजोबांचा, काळजी नातवंडाची

मागील वर्षीच्या मे महिन्यातील गोष्ट. सकाळचा दवाखाना आटोपून मी नुकताच जेवायला बसलो होतो, तोच दांडिया बाजारातून अण्णांचा फोन आला. अण्णा माझे आतेभाऊ. वय एकाहत्तर, बँकेतून निवृत्त, बारा वर्षांपासून मधुमेह, परंतु पथ्यपाणी आणि सुरसागरभोवतीच्या फेऱ्या यांत कधी खंड नाही.

"अरे, त्या पॅकेजच्या रिपोर्टात एक आकडा लाल आलाय. होमोसिस्टीन बेचाळीस. पंधरापर्यंत हवं म्हणे. आमचे शेजारी सांगतात की हा हृदयाचा रिपोर्ट आहे. अँजिओग्राफी करून घेऊ का?"

"अण्णा, मी लहान मुलांचा डॉक्टर. तुमच्या फिजिशियनना दाखवलंत का?"

"दाखवीन. आधी तू सांग. घरातला माणूस घाबरवत नाही."

अण्णांना मी जे सांगितले आणि त्यातून पुढे जे उलगडले, तेच आज या स्मरणिकेच्या निमित्ताने सहकारी डॉक्टर मित्रांपुढे आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावे असे वाटते. विषय प्रौढांच्या हृदयाचा म्हणून ओळखला जातो. बालरोगतज्ज्ञाने त्यात का लुडबुड करावी, याचा खुलासा लेखाच्या ओघात होईलच.

हा पदार्थ आहे तरी काय?

आपल्या अन्नातील प्रथिनांत मेथिओनिन नावाचे एक गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. शरीर त्याचा उपयोग करून घेते तेव्हा वाटेत होमोसिस्टीन तयार होते. ते साठवून ठेवण्याचा पदार्थ नव्हे. त्याची विल्हेवाट दोन मार्गांनी लागते. पहिल्या मार्गाने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. यासाठी फॉलिक ॲसिड आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे लागतात. दुसऱ्या मार्गाने त्याचे सिस्टीन होते. त्यासाठी बी-६ लागते. यांपैकी कोणताही मार्ग तुंबला की होमोसिस्टीन रक्तात साचू लागते. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ते साधारणतः ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर असावे, असे प्रयोगशाळा मानतात.

मात्र हा आकडा वाचण्यापूर्वी रक्त कसे घेतले आणि कसे नेले, हे विचारणे अगत्याचे आहे. रक्त नळीत घेतल्यानंतरही तांबड्या पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर टाकीत राहतात. नमुना तसाच ठेवला तर सामान्य तापमानाला दर तासाला सुमारे दहा टक्क्यांनी आकडा फुगतो. म्हणून नळी बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. अण्णांना विचारले, तेव्हा कळले की रक्त नेणारा मुलगा सकाळी सातला आला होता आणि त्यांच्यानंतर आणखी पाच-सहा घरी त्याला जायचे होते. थंड पेटी त्याच्याजवळ होती की नाही, हे अण्णांना आठवेना. मे महिन्यातले वडोदरा, मोटारसायकलवरची पिशवी आणि तीन-चार तासांची भटकंती! मी अण्णांना तपासणी पुन्हा करायला सांगितली, या वेळी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन. आकडा ३१ आला. म्हणजे अकरा गुण उन्हाचे होते. उरलेले मात्र अण्णांचेच होते.

मुलांच्या रक्तवाहिन्यांतून सुरू झालेली कहाणी

होमोसिस्टीनचा शोध १९३२ साली अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांच्या प्रयोगशाळेत लागला. पुढे १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तीस वर्षे हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांपुरताच राहिला. १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये मतिमंद मुलांच्या लघवीची तपासणी करताना काही मुलांत होमोसिस्टीन आढळले आणि होमोसिस्टिनयुरिया हा जन्मजात विकार वैद्यकाला ठाऊक झाला. उंच, सडपातळ बांधा, डोळ्यातील भिंग खाली सरकलेले, बुद्धीची वाढ खुंटलेली आणि कोवळ्या वयात रक्ताच्या गुठळ्या, असे या मुलांचे चित्र असते. त्यांच्या रक्तातील आकडा बहुधा शंभराच्या वर असतो. सुमारे निम्म्या मुलांना मोठ्या मात्रेतील बी-६ ने गुण येतो, हे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले आहे.

बोस्टन येथील विकृतिशास्त्रज्ञ किल्मर मॅककली यांनी या विकाराच्या दोन बालरुग्णांच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एक होता १९३३ साली पक्षाघाताने वारलेला आठ वर्षांचा मुलगा. त्याच्या भाचीला हा विकार असल्याचे अनेक वर्षांनी निष्पन्न झाले, तेव्हा त्याचे जुने नमुने पुन्हा काढण्यात आले. दुसरे होते दोन महिन्यांचे अर्भक, ज्याच्या शरीरात बी-१२ चा वापर होण्यातच जन्मजात दोष होता. दोघांचे दोष वेगळे. समान होते ते वाढलेले होमोसिस्टीन. आणि दोघांच्याही धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कठीण झालेल्या! १९६९ साली मॅककलींनी मांडले की, होमोसिस्टीन हेच धमन्यांना इजा करते. कोलेस्टेरॉलच्या त्या जमान्यात त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. नव्वदच्या दशकात मात्र पारडे फिरले. ज्यांचे होमोसिस्टीन थोडेसे वाढलेले, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात अधिक, असे एकामागून एक अभ्यास सांगू लागले. ही तपासणी आपल्या आरोग्य-पॅकेजमध्ये शिरली ती त्या लाटेवर स्वार होऊन.

आकडा उतरला, झटका टळला नाही

पुढचा प्रश्न साहजिक होता : जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरवले, तर हृदयविकार टळेल काय? २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'होप-२' मध्ये ५,५२२ रुग्णांना सुमारे पाच वर्षे फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ किंवा नुसती खोटी गोळी देण्यात आली. 'नॉर्व्हिट' मध्ये नॉर्वेतील, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण होते. दोन्हीकडे होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे खाली आले. हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. पक्षाघाताच्या बाबतीत थोडी आशा शिल्लक राहिली. 'होप-२' मध्ये पक्षाघात काहीसे कमी दिसले आणि २०१५ साली चीनमधील २०,७०२ रक्तदाबाच्या रुग्णांच्या चाचणीत, रक्तदाबाच्या औषधासोबत फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले.

उलट, २०१० साली कॅनडातून एक सावधगिरीचा इशारा आला. मधुमेहामुळे मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांना ही तीन जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली असता मूत्रपिंडाचे कार्य अधिक वेगाने खालावले. म्हणून लाल आकडा दिसताच मूठभर गोळ्या सुरू करणे निरुपद्रवी आहे, असे मानू नये. तीच गोष्ट एमटीएचएफआर या जनुकाच्या तपासणीची. त्यातील बदल लोकसंख्येत अतिशय सामान्य आहेत आणि गुठळ्यांच्या कारणाचा शोध घेताना ही तपासणी सरसकट करू नये, असा सल्ला अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्र महाविद्यालयाने २०१३ सालीच दिला आहे.

मग ही तपासणी निरर्थक ठरली काय? माझे मत तसे नाही. या चाचण्यांनी हृदयविकाराचा प्रश्न विचारला होता. शरीरात बी-१२ चा तुटवडा असेल तर तो भरून काढावा की नाही, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. आणि आपल्याकडे होमोसिस्टीन वाढते ते बहुतांशी याच तुटवड्यामुळे.

आपल्याकडचे चित्र

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पुणे परिसरातील २०४ स्त्री-पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील ७७ टक्के लोकांचे होमोसिस्टीन पंधराच्या वर होते आणि ४७ टक्के लोकांचे बी-१२ कमी होते. फॉलिक ॲसिडची उणीव मात्र फारशी नव्हती. भाजी-वरणाच्या ताटात फॉलिक ॲसिड असते. बी-१२ वनस्पतींतून मिळतच नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळायचे. एका पेलाभर दुधातून पाऊण ते एक मायक्रोग्रॅम मिळते आणि प्रौढाला रोज साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम हवे असते. दूध फार वेळ उकळले की त्यातलेही काही नष्ट होते. ज्या घरात दूध म्हणजे चहापुरते दूध, तेथे हा हिशेब जुळत नाही. कुणाच्या वाट्याला दुधाचा पेला येतो आणि कुणाच्या वाट्याला नुसता चहा, हेही आपण जाणतोच.

याच पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी होते. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळला. फॉलिक ॲसिडचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. १९२८ साली मुंबईत आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांनी गिरणी-कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर यीस्टच्या अर्काने उपाय शोधला, त्याच वाटेने वैद्यक फॉलिक ॲसिडपर्यंत पोहोचले. मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांपासून ते बाळाला वाचवते, हे १९९१ साली सिद्ध झाले. परंतु आपल्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, बी-१२ नसते. नुसत्या फॉलिक ॲसिडने बी-१२ च्या अभावातील रक्तक्षय झाकला जातो. मज्जासंस्थेची झीज मात्र आतून चालूच राहते. हे वाक्य मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्याचा अर्थ मला २००१ साली कळला, आणि तो कळण्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

माझ्या हातून निसटलेले दोन महिने

त्या वर्षी मांडवीच्या आतल्या भागातून एक तरुण आई नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. मूल गुटगुटीत, अंगावर पिणारे. वरचे अन्न जेमतेम सुरू झालेले. थोडे फिकट दिसले. मी लोह आणि फॉलिक ॲसिडचे थेंब लिहून दिले. महिन्याने ती परत आली. म्हणाली, "डॉक्टर, हा आता हसत नाही."

दवाखान्यात त्या दिवशी तापाच्या साथीची गर्दी होती. मी म्हणालो, "दात येत असतील. थेंब चालू ठेवा."

आणखी एक महिना गेला. तिसऱ्या वेळी ते मूल मानही नीट धरीत नव्हते. हात आणि जीभ थरथरत होती. झोपले की थरथर थांबे. केस विरळ आणि भुरकट, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडलेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. १९६२ साली, म्हणजे आयर्लंडमध्ये होमोसिस्टिनयुरिया सापडला त्याच वर्षी, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी अशाच अंगावर पिणाऱ्या बाळांचे वर्णन 'लॅन्सेट' मध्ये केले होते. कारण होते मातेच्या दुधातील बी-१२ चा अभाव. आमच्या पाठ्यपुस्तकांत हा विकार 'इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम' या नावाखाली होताच. वाचलेला होता, ओळखता आला नाही. रक्ताच्या काचपट्टीवर मोठ्या तांबड्या पेशी स्पष्ट दिसत होत्या. ती काचपट्टी मी पहिल्या दिवशीच पाहायला हवी होती.

बी-१२ ची इंजेक्शने सुरू केली. आठवड्याभरात मूल हसले. थरथर आधी वाढली, मग काही आठवड्यांत ओसरली. दोन वर्षांचे होता होता ते चालू लागले. आईची तपासणी केली, तेव्हा तिचेही बी-१२ तळाला गेलेले निघाले. तिला स्वतःला काही त्रास नव्हता. केवळ 'थकवा', ज्याची आपल्या घरांत कुणी तक्रार म्हणून नोंद घेत नाही.

तो मुलगा आज पंचविशीत आहे. वडिलांच्या दुकानात बसतो, मला पाहिले की उठून नमस्कार करतो. हिशेब मात्र त्याचा धाकटा भाऊ पाहतो. ते दोन महिने वाया गेले नसते तर काय झाले असते, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आई सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो, एवढे मात्र निश्चित.

लाल आकडा आणि काळा आकडा

अण्णांचा ३१ हा आकडा पाहताना मला म्हणूनच त्यांच्या हृदयापेक्षा त्यांचे स्वयंपाकघर आठवले. होमोसिस्टीन वाढण्याची इतर कारणेही तपासावी लागतात : मूत्रपिंडाचे कार्य, थायरॉइड, धूम्रपान, फेनिटोइन किंवा मेथोट्रेक्सेटसारखी औषधे. अण्णांचे क्रिॲटिनिन आणि थायरॉइड ठीक निघाले. बी-१२ मात्र ११८ पिकोग्रॅम. बारा वर्षे मेटफॉर्मिन आणि सोबत आम्लपित्ताची रोजची गोळी. दोन्हींमुळे बी-१२ चे शोषण मंदावते, शिवाय वयोमान आहेच. त्यांच्या फिजिशियननी बी-१२ सुरू केले. अँजिओग्राफीची गरज त्यांना वाटली नाही. रक्तदाब, साखर, चालणे हे सांभाळा, हृदयाची काळजी तेथे आहे, असे त्यांनीही सांगितले. तळपायांची जळजळ मात्र, जी अण्णा मधुमेहाच्या खात्यावर टाकून मोकळे झाले होते, ती काही महिन्यांत बरीच कमी झाली.

पण मी फोनवर आणखी एक गोष्ट विचारली होती. "अण्णा, सूनबाईंना कितवा महिना?"

"सातवा. का रे?"

"त्यांचंही रक्त पाठवा."

सूनबाई लग्नापूर्वी माहेरी अंडी खात असे. या घरात सहा वर्षे तीही बंद. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ती नियमाने घेत होती. तिचा अहवाल आला, तेव्हा वहिनींना हायसे वाटले. होमोसिस्टीन १३. आकडा काळ्या अक्षरांत छापलेला, म्हणजे सर्व ठीक! वस्तुतः गरोदरपणात होमोसिस्टीन एरवीपेक्षा बरेच खाली येते. पंधराचा मापदंड तेथे लावायचा नसतो. त्या अवस्थेत १३ हा आकडा वाढलेलाच. बी-१२ होते ९६. गरोदरपणात तेही काहीसे उतरते हे जमेस धरले, तरी ९६ म्हणजे तुटवडाच. सासऱ्यांचा लाल आकडा पाहून घर हादरले होते. सुनेचा काळा आकडा अधिक काळजीचा आहे, हे समजावून सांगायला मला एक संध्याकाळ लागली.

वहिनींनी विचारले, "भाऊजी, हे औषध मांसाहारी तर नाही ना?"

"नाही वहिनी. जिवाणूंकडून तयार करून घेतात. दही लागतं तसंच."

त्यांचे समाधान झाले. सूनबाई काही बोलली नाही. निघताना जिन्यापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "काका, मला वाटायचं मीच आळशी झालेय."

तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून बी-१२ सुरू झाले. ऑगस्टमध्ये मुलगी झाली. सहाव्या महिन्यात लस टोचायला आणली, तेव्हा टेबलावर बसून माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होती आणि मोठ्याने हसत होती. विशेष असे काहीच घडले नाही. आमच्या शाखेत याहून चांगला निष्कर्ष नसतो.

सहकारी मित्रांना माझी विनंती एवढीच. प्रौढ रुग्णाचे होमोसिस्टीन वाढलेले दिसले, तर प्रथम नमुना कसा नेला ते विचारा, मग बी-१२ पाहा. त्याला अकारण हृदयाची भीती घालू नका आणि गोळ्यांनी झटका टळेल असे आश्वासनही देऊ नका. पण तेवढ्यावर अहवाल मिटू नका. त्या घरात कोणी गरोदर आहे का, कोणी अंगावर पाजणारी आहे का, हे विचारा. एका चुलीवरचे अन्न सारेच खातात, आणि त्यातला सर्वांत धाकटा जीव ते आईच्या दुधातून खातो. आणि एखादी आई म्हणाली की मूल हसेनासे झाले आहे, तर दाताचे नाव न घेता आधी काचपट्टी पाहा.